पोराला झोपू दे गो

नाना, तुमचा मुलगा माझ्याशी बोलत नाही.

म्हणजे "चिनूची रिक्षा आली", "गॅस संपत आलाय" इतपत बोलतात, पण तेवढं तर माणूस लिफ्टमधल्या अनोळखी माणसाशीही बोलतो. तुमचं तेरावं झालं, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, निडी गावच्या आत्या पिशव्या भरून घरी गेल्या आणि घरात आम्ही तिघं उरलो, तेव्हा मला कळलं की हा अबोला नुसत्या दुःखाचा नाही. यात राग आहे, आणि तो माझ्यावर आहे. रोज सकाळी तुम्हाला घराबाहेर कोण काढायचं? मी, तुमची सून. आणि तुम्ही गेलात कुठे? घराबाहेर, नदीकाठच्या बाकड्यावर. झालं. आणखी पुरावा काय हवा?

खरं काय ते फक्त दोघांना माहीत होतं, तुम्हाला आणि मला. त्यातले तुम्ही तर सुटलात. मला मात्र "कुणाला सांगू नको" म्हणून बांधून गेलात. शहाणेच आहात. आता कुणाशी भांडू मी? म्हणून तुमच्याशीच भांडायला बसलेय. निमूट ऐका, आणि मध्ये मध्ये खोकू नका.

तुम्ही निडीजवळचं घर बंद करून नदीअलीकडच्या अष्टमी गावात, आमच्या दोन खोल्यांत राहायला आलात, तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं. एवढं अंगण, एवढं शेत, भात काढलं की त्याच जमिनीत वाल, सकाळपासून चार माणसांशी गप्पा, आणि इथं काय, तर गॅलरीतली खुर्ची आणि समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे. त्यात आमच्या घराची तऱ्हा तुम्हाला नवीन. हे धाटावच्या केमिकल कंपनीतून रात्रभराची थर्ड शिफ्ट करून सकाळी येणार, दोन घास खाऊन आडवे होणार, आणि मग सगळ्या घरानं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. कुकर शिट्टीला आला की मी गॅस बारीक करायची. तुमची नात चिनू तर चालायला लागली ती चवड्यांवरच. मला त्याचं काही वाटायचं नाही. माझं माहेर हमरापूरचं, गणपतीवाल्यांचं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असली की घरात टाचणी पडू द्यायचे नाहीत. गप्प घरातच मी वाढले.

तुम्हाला मात्र त्या घरात बसवेना, असं मला वाटलं. म्हणून म्हटलं, "नाना, चला, नदीवर फिरून येऊ."

"कशाला?"

"फिरायला."

"ते कळलं. पण कशाला?"

"अहो, नुसतं."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला वाटलं, आता लेकाला उठवून सांगतायत, बायको बिघडली तुझी. "नुसतं कसं चालायचं गो? वाटंत कोन भेटला न् इचारलं, कुठं चाललाव, तर काय सांगू?"

तुमचंही बरोबर होतं म्हणा. तुमच्या गावात समोरून आलेला प्रत्येक माणूस हे विचारतो आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. जन्मभर तुम्ही कामाशिवाय पाऊल टाकलं नव्हतंत. मग तोड तुम्हीच काढलीत, हातात कापडी पिशवी घेतलीत. पिशवी असली की माणूस बाजारात चाललाय, संपला विषय. ती रिकामी पिशवी घेऊन तुम्ही नदीकाठच्या फरशीवरून ऐटीत चालायचात आणि कुणी नुसतं हसून बघितलं तरी न विचारता सांगायचात, "बाजारात जातोय." अहो नाना, बाजार पुलापलीकडे रोह्यात, तुम्ही चाललेले उलट्या दिशेला! पण मी बरी बोलेन.

आणि तुमचं ते पुढे चालणं! केवढा रुंद रस्ता, चार माणसं हातात हात घालून जातील. तुम्ही आपले पुढे आणि मी मागे. मी शेजारी आले की तुम्ही वेग वाढवायचात. आधी मला राग आला. म्हटलं, काय हे, बाईमाणूस बरोबरीनं चाललं तर बिघडतं काय? मग एकदा तुम्ही मागे न बघता, समोरच्या झाडाला सांगावं तसं मोठ्यानं म्हणालात, "मागंच राहा गो, पुढं काय असंल नसंल." तेव्हा माझी ट्यूब पेटली. तुम्ही जन्मभर बांधावरून चाललात. बांधावर दोघं शेजारी मावतात कुठे? पुढच्यानं जनावर बघायचं, चिखल बघायचा, आणि मागच्यानं त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. बोलायचं ते पुढे तोंड करून, ओरडून. तुमच्या लेखी ती फरशीसुद्धा बांधच होता. त्यामुळे आपल्या घरच्या गप्पा सगळ्या नदीकाठानं ऐकल्या. माझ्या बहिणीचं लग्न कुठे मोडलं, तेसुद्धा.

आणि तो धावणारा मुलगा! तो कानात बोंडुकं घालून आला पळत, आणि तुम्ही दोन्ही हात पसरून त्याच्या आडवे. "काय झालं रं? कुनाला काय झालं?" बिचारा घाबरून थांबला. "काही नाही काका, रनिंग." "कुनाच्या मागं?" बाकड्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी समजावलं की हा व्यायाम आहे. तरी घरी येईपर्यंत तुम्हाला चैन नाही. "येवढा धडधाकट पोरगा सकाळच्या पारी पळतोय, घरात भांडन झालं असनार." पुढे रोज तुम्ही त्याला हात करायचात आणि तोही धावता धावता म्हणायचा, "काही झालं नाही, काका!"

मी सासरी आले तेव्हापासून तुमच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. घरात आजही बोलले नसते. पण त्या रस्त्यावर, तुमच्या पाठीशी बोलता बोलता, मी काय काय बोलले! पाठीशी बोलणं सोपं असतं. माझे बाबा सगळा जन्म मूर्तींपुढे वाकून बसले. त्यांच्याबरोबर मी पेणच्या बाजारापर्यंतसुद्धा कधी रमतगमत गेले नाही. एक मोठं माणूस आपल्यासाठी सकाळचा वेळ काढून आपल्याबरोबर चालतं, हे मला माहेरी मिळालं नव्हतं, ते सासऱ्यांकडून मिळालं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

एकदा तुम्हाला हमरापूरला नेलं, आठवतंय? गल्लीत दोन्ही बाजूंना पांढऱ्या मूर्ती वाळत ठेवलेल्या, आणि तुम्ही प्रत्येकीला हात जोडत चाललेले. माझा भाऊ हसला. म्हणाला, "नाना, आखणी नाही झाली अजून. डोळेच नाहीत, नमस्कार पोचायचा नाही." तुम्ही म्हणालात, "नाय पोचला तर नाय. माझा हात झिजतोय काय?" आणि गल्लीच्या टोकापर्यंत जोडत गेलात. आपल्याला यायला केवढा उशीर झाला त्या दिवशी!

पण आता मुद्द्याचं. पावसाळ्यात एक दिवस असा कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसेना. हे नुकतेच कामावरून येऊन आडवे झाले होते. मी तुम्हाला खुणेनं म्हटलं, आज राहू द्या. तुम्ही छत्री काढलीत. मी म्हटलं, "नाना, भिजाल, आजारी पडाल." तुम्ही चपला घातल्यात. जिन्यात मी चिडलेच. "आधी चला म्हटलं तर कशाला, कशाला, आणि आता या पावसातसुद्धा? एवढं काय वेड लागलंय फिरायचं?"

तुम्ही जिन्याचा कठडा धरून उभे राहिलात. तुमचा तो सकाळचा खोकला तुम्ही घरातून दाबून आणला होतात, तो तिथं सोडलात. चांगला पोटभर खोकलात. मग म्हणालात, "तो आत्ता पाठ टेकलाय. माजा खोकला सकालच्यालाच उठतो. तिथं त्याचं अॅसिडचं काम. झोप नाय झाली न् डोला लागला, तर हात जाईल पोराचा. पोराला झोपू दे गो."

मी तिथंच पायरीवर बसले, नाना. म्हणजे तुम्हाला फिरायचं नव्हतंच. मला वाटत होतं, मी तुम्हाला नेतेय.

"त्याला सांगू नको," म्हणालात. "सांगितलंस तं माजा खोकला ऐकत पडंल."

तिथून आपल्या दोघांची चोरी सुरू झाली. आणि तिथूनच ह्यांची कुरकुरही. "त्यांना कशाला ओढत नेतेस रोज? वय काय त्यांचं? घरी असू देत ना." मी तुमच्याकडे बघायची, तुम्ही पंख्याकडे बघायचात. मी किती वेळा तुम्हाला म्हटलं, एकदा सांगून टाका लेकाला, उगाच मला बोलणी बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "जुना खोकला हाय, त्याला औषध नाय." सांगून टाका म्हटलं, तर "बापानं लेकाला असलं सांगायचं असतं काय? लाज वाटती." आपलं हे भांडण अर्धंच राहिलं. त्यात माझंच बरोबर होतं, हे आत्ता ठणकावून सांगते.

तुम्ही बापलेक एकमेकांशी सरळ बोललात तरी कधी? रविवारी ह्यांना सुट्टी असली की आपण चौघं अवचितगडाच्या पायथ्याच्या रानात जायचो. तुम्ही सगळ्यात पुढे, मग मी, मग चिनू, आणि हे सगळ्यात मागे. तुम्ही पुढून सांगायचात, "बाळूला सांग, हितं घसारडं हाय." मी मागे सांगायचे, चिनू आणखी मागे सांगायची. मागून उत्तर यायचं, "नानांना सांग, सावकाश." चिनूनं एकदा वैतागून म्हटलंच, "तुम्ही दोघं एकमेकांचे फोन नंबर घ्या ना!" सगळे हसलो. तुम्हीही हसलात. पण रांग काही बदलली नाही.

त्या दिवशीची सकाळ तर साधीच होती. थंडी होती, नदीवर धुकं होतं, तुम्ही मफलर गुंडाळला होता. हे कामावरून येऊन झोपले आणि आपण निघालो. पुलाच्या अलीकडे तुम्ही म्हणालात, "जरा बसू." तुम्ही कधी बसायचा नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. मला नाही कळलं. आपण बसलो. तुम्ही म्हणालात, "वाल फुलला असंल आता गावाला." मी म्हटलं, "रविवारी जाऊन बघू." तुम्ही "व्हय" म्हणालात आणि हनुवटी मफलरात घातलीत. मला वाटलं, डुलकी लागली. मी तुमची पिशवी नीट घडी घालून मांडीवर ठेवली. मग हाक मारली. मग हलवलं.

तो धावणारा मुलगा लांबून येत होता. त्यानं हात वर करून नेहमीसारखं "काही झालं नाही, काका" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून खरोखरीचा धावला. त्यानंच तुम्हाला उचललं, त्यानंच रिक्षा थांबवली. मी ह्यांना फोनवर फोन लावत होते. पण फोन सायलेंटवर. आपणच तर ठेवायला लावायचो, झोपमोड नको म्हणून. शेवटी शेजारच्या वहिनींना फोन केला, त्यांनी दार बडवून सांगितलं. हे दवाखान्यात आले ते शर्टाची बटणं वरखाली लावून. तुमच्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे. एवढंच म्हणाले, "तिथं कशाला नेलंस?"

त्यानंतर काही नाही. आत्या मात्र बोलल्या, चार माणसांत, रडत रडत. "घरात असता तं लेकाच्या हातचं पानी तरी तोंडात पडलं असतं माज्या भावाच्या." हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची मान आणखी खाली गेली, ते मी बघितलं. माझ्या जिभेवर आलं होतं, नाना. अगदी ओठांवर. पण काय सांगू? की तुमचे वडील तुमच्या झोपेपायी घराबाहेर होते? तुम्ही झोपला होतात, म्हणून ते बाकड्यावर होते? हे ऐकून तो माणूस पुन्हा कधी डोळा मिटेल का? आणि नाही सांगितलं, तर सगळा जन्म ह्या घरात मी कोण? म्हाताऱ्याला थंडीत फिरवून मारणारी. गिळलं मी. तुमच्या शब्दाखातर गिळलं. पण इतकं कडू काही मी आजवर गिळलं नव्हतं.

सुट्टी संपून हे कामावर जायला लागले. पुन्हा थर्ड शिफ्ट. सकाळी यायचे, आडवे व्हायचे, आणि नुसते पंख्याकडे बघत पडायचे. मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, बेल काढून ठेवली. चिनू तर आता तरंगतच चालते. घर असं शांत केलं की तुम्ही असतात तर तुम्हालासुद्धा खोकायला लाज वाटली असती. आणि तरी ह्यांना झोप नाही. डोळे लाल. मला रात्रभर तुमचं ते वाक्य छळायचं, डोळा लागला तर हात जाईल पोराचा.

इथवर काल लिहून ठेवलं होतं, नाना. आज सकाळी मी वाटी ठेवताना जरा किणकिण झाली. जीभ चावली आणि वळून बघितलं, तर हे उठून बसलेले. म्हणाले, "कर ना आवाज."

"काय?"

"काहीतरी कर. भांडी घास. हे असलं गप्प घर मला खायला उठतं."

मग हे बोलायला लागले. माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघून, अगदी तुमच्यासारखं. "लहानपणी नाना ओटीवर झोपायचे. मी आत. काळोखात जाग आली की भीती वाटायची. मग बाहेरून खोकला ऐकू यायचा. म्हणजे नाना आहेत. की लगेच झोप लागायची. इथं आले तेव्हापासून मला कामावरून आल्यावर अशी झोप लागायची ना… तू त्यांना घेऊन गेलीस की जाग यायची. दार लागलं की कळायचं. मग तुम्ही परत येईपर्यंत नुसता डोळे मिटून पडायचो."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? एवढा घोडा झालोय आणि बापाच्या खोकल्याशिवाय झोप लागत नाही, असं सांगू? म्हणत तर होतो रोज, घरी असू देत, घरी असू देत."

नाना, मी हसले. देवाशप्पथ, मला हसूच फुटलं, ओट्याला धरून खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे घाबरले, म्हणाले, काय झालं? आणि मग मी सांगितलं. तुमचा शब्द मोडला. जिना, पाऊस, छत्री, अॅसिड, हात, सगळं. तुम्ही दाबून नेलेला खोकला जिन्यात कसा सोडायचात, तेसुद्धा. माझ्यावर रागवायचं तर रागवा. पण तुमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक पडदा तेवढा होता, कापडाचा, मी स्वतः शिवलेला. एक इकडून खोकला दाबतोय, दुसरा तिकडून तो ऐकायला कान लावून पडलाय. आणि मी मूर्ख मधल्या मधे, एकाला घेऊन पावसात हिंडतेय!

हे भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "येडा हाय म्हातारा." हाय म्हणाले, नाना. कंपनीत लागल्यापासून गावचं बोलणं ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. "येडा हाय," असं पुन्हा म्हणाले, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मोठ्यानं. मी जवळ जाऊन बसले, तर मला धरून रडले. माझ्यावरचा राग कुठे गेला, ते मी विचारलं नाही.

मला वाईटही वाटतं आणि वाटतही नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते. तुम्ही दोघांतल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर तुम्ही घरात राहिला असता, खोकला असता, ते घोरले असते. सगळं छान झालं असतं. पण मग मला तुम्ही मिळाला नसता. त्या सगळ्या सकाळी तुमच्या दोघांच्या लाजेतून मला फुकट मिळाल्या. त्यातली एकही मी परत द्यायची नाही, आधीच सांगून ठेवते.

रडून झाल्यावर हे आडवे झाले आणि मला म्हणाले, "जाऊ नको कुठे. आवाज कर." म्हणून मी आत सगळी भांडी काढून बसलेय. घासलेलीच पुन्हा घासतेय, मधेच हात पुसून हे लिहितेय, कढईवर झारा, पातेल्यावर झाकण, जमेल तेवढं आपटतेय. पडद्यापलीकडून घोरणं ऐकू येतंय. आत्ताच शेजारच्या वहिनी घाबरून दार वाजवत आल्या, एवढी आदळआपट ऐकून. म्हणाल्या, "काय गो, काय झालं?"

म्हटलं, "काही नाही, वहिनी. हे झोपलेत."